दोनशे अठ्ठ्याण्णव सेकंद

मसेरू,
१५ मे १९९५

मामा,
नमस्कार.

दुकानाच्या ट्रकमधून एक निळी बादली आणि छापील तक्ते पाठवले आहेत. बादली वीस लिटरची आहे. ती कुणाला बिअर आंबवायला देऊ नका.

घळीपलीकडच्या झऱ्याचं पाणी पाईपनं गावात आणायचं की नाही, हे आमचं कार्यालय यंदा ठरवणार आहे. झरा गावाहून बावीस मीटर उंच आहे. पाईप घळीत उतरून पलीकडे आपोआप चढेल, पंप लागणार नाही. प्रश्न एवढाच, की कोरड्या महिन्यांत पाणी पुरेल का. म्हणून जून ते सप्टेंबर, दर महिन्याच्या एक आणि पंधरा तारखेला, बायका पोचायच्या आधी, झऱ्याच्या दगडी पन्हळीखाली बादली ठेवायची आणि ती भरायला किती वेळ लागतो ते घड्याळावर बघून तक्त्यात लिहायचं. तुमचं खाणीतलं घड्याळ चालेल. जे दिसेल तेच लिहा. गावाचं भलं व्हावं म्हणून आकडा वर-खाली करू नका.

गावात लिहिता येणारे आणि घरी असणारे तुम्हीच, म्हणून तुमचं नाव दिलं. मी स्वतः येणार होते. मोखोत्लोंगपर्यंत आलेही होते. पुढे खिंडीत बर्फ असल्यामुळे परतावं लागलं.

मामीला नमस्कार.

केनेउवे


हा-त्सेकेलो,
४ जून १९९५

बाळ केनेउवे,
सुखी राहा.

बादली पोचली. ट्रकवाल्या लेबोनानं वाटेत तिच्यात कांदे भरले होते. मामीनं तीनदा धुतली तरी वास येतोय. वास मोजायचा नसेल तर हरकत नाही.

लेबोना सांगत होता, "तुझी भाची दुकानात उभी होती, पँट घालून. मी म्हटलं, बस ट्रकमध्ये, संध्याकाळच्या आत मामाकडे सोडतो. तर म्हणाली, खिंडीत बर्फ आहे." त्याच दिवशी तो खिंडीतून आला. ट्रकात टोमॅटो होते, एक गोठला नव्हता. असो. बर्फ ज्याला जिथे दिसायचा तिथे दिसतो.

तुझ्या आईला जाऊन ऑगस्टात दोन वर्षं होतील. तू तेव्हा नैरोबीत शिकत होतीस, मातीला येणं शक्यच नव्हतं, हे गावात सगळ्यांना कळतं. पण आईच्या सुतकाचे केस मामानं कापायचे असतात, आणि तुझे अजून डोक्यावर आहेत. माझी बहीण गेली, तिच्या लेकीचं सुतक उतरलं नाही. कात्रीला मी दोनदा धार लावली, दोनदा गंजली. पुन्हा विचारणार नाही, असं म्हणत नाही.

एक तारखेला मोजलं. चार मिनिटं नऊ सेकंद. शेजारचा तेफो बघायला आला होता. म्हणाला, "पाणी मोजणारा माणूस आज पाहिला. उद्या वारा मोजशील." मी म्हटलं, वारा मोजायला तुझं उघडं तोंड पुरे आहे.

मामी आशीर्वाद सांगते. तिचा गुडघा पूर्वीसारखाच.

तुझा मामा,
खेथिसा


मसेरू,
२८ जून १९९५

मामा,
नमस्कार.

तक्ता मिळाला. अक्षर स्वच्छ आहे. तेफोचं मत समासात लिहू नये, तो कागद फायलीला लागतो. मिनिटं नकोत, फक्त सेकंद लिहा: २४९.

केसांबद्दल: सध्या रजा नाही.

केनेउवे


हा-त्सेकेलो,
३ ऑगस्ट १९९५

बाळ केनेउवे,

पंधरा जुलैचा आकडा उशिरा पाठवतोय, कारण खिंड खरोखर बंद होती. यावेळी लेबोनाला विचारलंस तरी तो हेच सांगेल. अकरा दिवस बर्फ. वरच्या गोठ्यात तेफोच्या नऊ मेंढ्या उभ्या उभ्या मेल्या. गोवऱ्या संपल्या तेव्हा आम्ही तीन घरांनी एकाच चुलीवर शिजवलं आणि एकमेकांच्या घोंगड्यांत बसलो.

मामी पडली. घळीच्या अलीकडच्या चढावर, डोक्यावर पाण्याचा डबा असताना. डबा वाचवायला गेली. मी म्हटलं, अगं, डबा सोडायचा. म्हणाली, "अर्धा तास उतरून, अर्धा तास चढून आणलेलं पाणी सोडायचं? तू सोड." तिचा पाय मोखोत्लोंगच्या दवाखान्यात बांधलाय. हाड जुळेल, पण पूर्वीसारखं वाकणार नाही म्हणतात. पाणी आता मी आणतो. खाणीची धूळ छातीत आहे, त्यामुळे चढावर सात वेळा बसतो. बायका हसतात. म्हणतात, नवी सून आलीय, फार नाजूक आहे. हसू देत.

आपल्या पूर्वजांनी घरं बांधली ती ऊन बघून, पाणी बघून नाही. या बाजूला हिवाळ्यात सूर्य चार तास जास्त टिकतो. त्यांचं काय चुकलं? त्यांच्या बायकांना कुणी विचारलं नसेल एवढंच.

एक गोष्ट मनावर घे. गावप्रमुख मामोसांनी अंगणात पित्सो बोलावली. सगळं गाव सभेला जमलं. वरच्या आळीतली चार घरं म्हणतात, पाईप येणार नसेल तर पेरणीआधी खाली खोऱ्यात उतरू. तेफो त्यांत पुढे. त्याला तिकडे मेव्हण्याची जमीन आहे. मामोसांनी सगळ्यांना थांबवलंय, म्हणाल्या, "खेथिसाची भाची त्या कार्यालयात बसलीय, उत्तर येऊ द्या." म्हणून विचारतो. किती सेकंद यायला हवेत? मी काही खोटं लिहिणार नाही. फक्त माहीत असावं.

खेथिसा


मसेरू,
१७ ऑगस्ट १९९५

मामा,
नमस्कार.

मामीच्या पायाचं कळलं. दवाखान्यातल्या बांधणीबरोबर दिलेली गोळी जेवणानंतरच घ्यायची.

मर्यादा सांगता येणार नाही. सांगितली तर तुम्ही घड्याळाकडे त्या आकड्याची वाट बघत बघाल. तुमच्या एकट्यावर अविश्वास नाही. माझ्यावरही मी तेवढाच ठेवते.

सप्टेंबरचे दोन्ही आकडे सर्वांत महत्त्वाचे आहेत. ते वेळेवर पाठवा.

केनेउवे


मसेरू,
२८ सप्टेंबर १९९५

मामा,
नमस्कार.

गावप्रमुखांना कार्यालयाचं पत्र गेलं आहे. त्यावर माझी सही आहे, म्हणून तुम्हाला वेगळं लिहिते.

गावात २१२ माणसं. माणशी रोज तीस लिटर, म्हणजे ६,३६० लिटर. पंधरा सप्टेंबरला तुम्ही २९८ सेकंद नोंदवलेत. त्या हिशेबानं झरा दिवसाला ५,७९९ लिटर देतो. कमी पडतं. बादली २७१ सेकंदांत भरायला हवी होती. गाव यादीतून वगळलं आहे.

आकड्यांत मला काही करता आलं नसतं. तुम्ही ते प्रामाणिकपणे पाठवलेत, हे मी वरिष्ठांना सांगितलं.

केनेउवे


हा-त्सेकेलो,
९ ऑक्टोबर १९९५

केनेउवे,

पत्र पित्सोत वाचलं. मीच वाचलं, कारण मामोसांचा चष्मा फुटलाय. खाली तुझं नाव आलं तेव्हा मी न वाचता थांबलो, पण तेफो म्हणाला, "वाच ना, सही कुणाची आहे?" वाचली.

मग जे व्हायचं ते झालं. एक म्हणाली, आपल्याच लेकीनं आपल्याला वाढलं नाही. दुसरी म्हणाली, शिकलेल्या पोरीला आता उंचावर दम लागत असेल. मामोसा म्हणाल्या, "आकडा खेथिसानं लिहिला, सही पोरीनं केली. दोघंही आपलीच. भांडायला परका माणूससुद्धा मिळाला नाही."

सत्तावीस सेकंद जास्त. मी रोज ते सत्तावीस मोजतो. तेवढ्यात मी एकदा खोकतो आणि श्वास परत आणतो.

एवढं मात्र छातीवर हात ठेवून सांगतो, मी मापात पाप केलं नाही. एकदाही नाही. बादली काठाला आली म्हणून मी घड्याळ खाली ठेवलं नाही. पाणी चहूबाजूंनी ओसंडून खालचा दगड ओला होईपर्यंत थांबलो, मगच आकडा घेतला. माझी आई दुष्काळातसुद्धा ज्वारीचा डबा शिगेवर रास आल्याशिवाय कुणाच्या पदरात ओतायची नाही. सपाट माप देणारं घर म्हणून आमचं नाव कधी निघालं नाही. सरकारलाही मी तसंच मोजून दिलं. तरी पाणी कमी पडलं, तर ते झऱ्याचं नशीब.

वरची आळी महिनाअखेरीस निघणार. आकाश भरून येतंय.

खेथिसा


मसेरू,
२० ऑक्टोबर १९९५

मामा,

हे पत्र मिळेल त्या क्षणी गावप्रमुखांकडे घेऊन जा. वरच्या आळीला थांबवा.

तुमचं पत्र काल दुपारी आलं. तशीच निळी बादली मी कार्यालयाच्या अंगणातल्या नळाखाली ठेवली. बादलीच्या आत, काठाच्या दोन बोटं खाली एक उठावाची रेघ आहे. वीस लिटर त्या रेघेपर्यंत होतात. काठापर्यंत बावीस, आणि ओसंडून खालचा दगड ओला होईपर्यंत आणखी जवळजवळ एक. म्हणजे २९८ सेकंदांतले पहिले २६० वीस लिटरचे होते, पुढचे २६ वरच्या दोन लिटरचे आणि शेवटचे १२ दगड ओला होण्याचे. झरा दिवसाला ६,६४६ लिटर देतो. पुरतो. सगळ्या २१२ जणांना पुरतो.

चूक तुमची नाही. मी "भरायला" असं लिहिलं. रेघ लिहिली नाही. तक्त्यावर एक रकाना असतो: "मोजणाऱ्याला जागेवर पद्धत दाखवली." तो भरल्याशिवाय फाइल पुढे जात नाही. मी तिथे "होय" लिहिलं. मी मोखोत्लोंगहून परत फिरले होते. खिंडीत बर्फ नव्हता. मला घरी यायचं नव्हतं.

आज सकाळी हे सगळं वरिष्ठांना लेखी दिलं. मी म्हटलं, गुणोत्तरानं आकडा दुरुस्त करता येतो. ते म्हणाले, "केनेउवे, तू तिथे होतीस असं तूच लिहिलंस, आणि तू नव्हतीस. आता तुझ्या गुणोत्तरावर मी सही करू?" त्यांचं बरोबर आहे. पुन्हा मोजायला हवं, आणि दुसऱ्या माणसानं. पण तुमच्याकडे सोळा तारखेला पाऊस सुरू झाल्याची नोंद आली आहे. झरा फुगल्यावर कोरड्या दिवसांचं माप घेता येत नाही. म्हणजे पुढचा सप्टेंबर.

मला क्षेत्रावरच्या कामावरून काढून नकाशाच्या खोलीत बसवलं आहे.

एक वर्ष थांबायला सांगा. लेबोनाच्या हातात हे पत्र देते आहे, टपालात टाकत नाही.

केनेउवे


हा-त्सेकेलो,
१२ नोव्हेंबर १९९५

बाळ केनेउवे,

लेबोनाचा ट्रक नदीच्या उतारावर चार दिवस अडकला होता. पाणी उतरेना. तुझं पत्र दोन तारखेला माझ्या हातात आलं. वरची आळी तीस तारखेला गेली.

चार घरं, सव्वीस माणसं. तेफोनं जाताना दार आणि छपराच्या तुळया काढून गाढवांवर लादल्या. बाकीच्यांनीही. इथे झाड नाही, तुळई सोडून कोण जातं? नुसतं माणूस गेलं तर वाट बघता येते. तुळई नेलेल्या घराची कुणी बघत नाही. तरी मी घोडा घेऊन खोऱ्यात गेलो. तेफो शेवटचा तुकडा नांगरत होता. पत्र वाचून दाखवलं. त्यानं बैल थांबवले नाहीत, मी तासाच्या कडेनं चालत वाचत होतो. शेवटी म्हणाला, "खेथिसा, पेरलंय मी आता. तू आणि तुझी भाची मिळून ठरवा, पाणी आहे की नाही. मी दर वर्षी छप्पर उचलत नाही." मग त्यानं मला जेवायला घातलं. मडक्यातली पहिली बिअर दिली. शिगेवर भरून.

पित्सोत मी उभा राहून सांगितलं, रेघ होती आणि मी बघितली नाही. कुणी हसलं नाही. मग मामोसा म्हणाल्या, "रेघ दिसली असती तरी तू रेघेवर थांबला असतास का?" मी खरं सांगितलं, नसतो थांबलो. त्या म्हणाल्या, "आपल्यातल्या कुणाच्याही हातात बादली दिली असती तरी हेच झालं असतं. सपाट माप इथे घेतं कोण?" मामी मागून म्हणाली, "मी डबा आणला की रोज म्हणायचा, एवढाच? आता भोग." तेव्हा थोडे हसले.

तुझ्यावर राग आहे, लपवत नाही. पण तो घरातल्या माणसावर असतो तसा आहे. खिंडीत बर्फ नव्हता हे तू स्वतः लिहिलंस, ते मी पित्सोत वाचलं नाही. ते आपल्या दोघांत.

नाताळात ये. मोजायला नको येऊस.

तुझा मामा


मसेरू,
९ जानेवारी १९९६

मामा,
नमस्कार.

परवा सुखरूप पोचले. डोक्यावर रुमाल बांधून कार्यालयात जाते. नकाशाच्या खोलीतल्या दोन वयस्क बायकांनी पहिल्या दिवशी काही विचारलं नाही. एकीनं चहात साखर जास्त घातली. त्यांना कळलं.

तुम्ही माझे केस कापलेत ती कात्री मी तेल लावून ठेवली आहे. आईच्या थडग्यावरच्या दगडांखालची माती पावसानं खचली आहे, पूर्वेकडचा मोठा दगड सरकायच्या आत आधार द्या.

घळीची वाट मी रोज दोनदा केली. उतार एकशे चाळीस मीटरचा आहे. नकाशावर तो मी अनेकदा बघितला होता. पाचव्या दिवशी डबा डोक्यावर असताना मीही सात वेळा बसले. बायकांनी मला नवी सून म्हटलं नाही, कुणी काहीच म्हटलं नाही. त्यापेक्षा हसल्या असत्या तर बरं.

मामीला सांगा, गुडघा रोज दहा वेळा वाकवायचा, दुखलं तरी.

केनेउवे


मसेरू,
२४ सप्टेंबर १९९६

मामा,
नमस्कार.

योजना मंजूर झाली.

नव्या तंत्रज्ञ माणसानं एक आणि पंधरा तारखेला स्वतः मोजलं. २६१ सेकंद, रेघेपर्यंत. दिवसाला ६,६२१ लिटर. गावाची मोजणीही नव्यानं झाली: १८६ माणसं. गरज ५,५८० लिटरची. म्हणजे यंदा ओसंडेपर्यंत थांबून मोजलं असतं, तरी पाणी पुरलं असतं. हे मी इथे कुणाला बोलले नाही. पण तुमच्या लक्षात येईलच, म्हणून माझ्याकडूनच कळावं.

आराखडा माझ्या टेबलावर आला आहे. पासष्ट माणसांमागे एक नळ असा नियम आहे. २१२ माणसांना चार नळ मिळत होते, आणि माझ्या जुन्या कच्च्या नकाशात चौथा वरच्या आळीत होता, तुमच्या अंगणापासून नऊ मीटरवर. १८६ माणसांना तीनच मिळतात. वरच्या आळीत आता दोन घरं आणि सात माणसं उरली आहेत.

तीन नळ दोन प्रकारे बसवता येतात. एक: तिन्ही खाली. मग तुमच्या दारापासून सर्वांत जवळचा नळ एकशे तीस मीटरवर येतो, चढ एकोणीस मीटर. दोन: एक वर, दोन खाली. मग खालच्या एकोणऐंशी नव्हे, एकशे एकोणऐंशी माणसांना दोन नळांवर रांग लावावी लागेल. नियमात दोन्ही बसतात. (वरची खाडाखोड माझी आहे, नवा कागद घ्यायला हवा होता.)

कुठला काढू, ते मला ठरवता येत नाही. मी यावर विचार केला नाही असं समजू नका. मागच्या वेळी मी तुम्हाला आकडा सांगितला नाही. या वेळी सगळे सांगितले आहेत. गावप्रमुखांचा शिक्का दहा ऑक्टोबरपर्यंत हवा.

केनेउवे


हा-त्सेकेलो,
४ ऑक्टोबर १९९६

बाळ केनेउवे,

पत्र मामोसांना दाखवलं. त्यांनी वाचलं, नवा चष्मा आलाय, आणि कागद माझ्याकडे सरकवून म्हणाल्या, "तूच सांग. मी सांगितलं तर हुकूम होईल." मी पित्सोत काही नेलं नाही. नेलं असतं तर सगळे म्हणाले असते, वर बसवा, मामीचा पाय आहे. म्हणायलाच लागलं असतं त्यांना. आणि मग रोज रांगेत उभे राहिले असते.

तिन्ही खाली काढ.

शिक्का मारून नकाशाचा कागद सोबत पाठवलाय. खाली उजव्या कोपऱ्यात शाई पसरलीय, ती मामोसांच्या नातीची करामत. चालत नसेल तर परत पाठव.

तू आकडे लिहिलेस ते बरं केलंस. छप्पन्न वर्षं मी या चढावर आहे, पण तो एकोणीस मीटर आहे हे ठाऊक नव्हतं. घळीच्या एकशे चाळीसपुढे तो काय आहे? काहीच नाही. हे मी मामीला सांगितलं. ती अंगणात पाय लांब करून वाटाणे सोलत होती.

म्हणाली, "काहीच नाही असं नको लिहूस तिला. खोटं नको. लिही, की आहे, आणि मी चालेन."

तुझा मामा,
खेथिसा